कणगी कुठे, किल्ली कोणाकडे

एक मिनिट बावन्न सेकंद. एवढाच तो आवाज होता. आमच्या बियाण्यांच्या गटातल्या एका आजींनी पावट्याचे बी कसे राखायचे ते त्यात सांगितले होते. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बी सोलून उन्हात टाकायचे, चुलीतली राख चाळून घ्यायची, गाडग्यात एक थर राखेचा, एक बियांचा, आणि तोंड शेणामातीने लिंपून गाडगे माळ्यावर ठेवायचे. मागे कोंबड्यांचा कलकलाट होता, मधेच नातवाला घातलेली "थांब रे बाळा" अशी हाक होती. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला, हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या आणि पुढच्या निरोपाकडे वळलो.

पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या. त्यानंतरच्या फेब्रुवारीत गटातल्या एका मुलीने विचारले, "आजींनी बी किती दिवस उन्हात ठेवायला सांगितलं होतं? तीन की पाच?" गटात तेव्हा ८७ माणसे होती. तो आवाज एकाकडेही सापडला नाही. ज्या सरांनी गट काढला होता त्यांचा फोन भरला, म्हणून त्यांनी मागचे सगळे पुसून टाकले होते. काहींनी फोन बदलले होते, काहींचे फोन दिवसभर घरातल्या मुलांच्या हातात असतात. मी दोन रात्री माझा फोन चाळत बसले. त्या महिन्यातली शुभेच्छांची चित्रे मिळाली, आजी मिळाल्या नाहीत.

आमचा गट जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला. काळभात, रायभोग, जिरवेल, कडू वाल, घेवडे, अबई असली घरची वाणे टिकवणाऱ्या बायका, शेतीशाळेतले दोन-तीन शिक्षक, पुण्याला शिकायला गेलेली पोरे आणि माझ्यासारखी लिहिणारी एखादी. बी राखण्यात पिढ्या घालवलेल्या या बायकांचे बोलणे आम्ही दोन वर्षेही राखू शकलो नाही, हे मला फार लागले. बैठकीत ठरले की गटासाठी नीट जागा शोधायची. शोधायचे काम माझ्याकडे आणि दोन मुलींकडे आले.

पहिल्याच बैठकीत पाच माणसांनी सहा ॲपची नावे घेतली. अभियांत्रिकीचा मुलगा म्हणाला डिस्कॉर्ड, पुण्यात नोकरी करणारा म्हणाला स्लॅक, बँकेतून निवृत्त झालेले काका टेलिग्रामवर ठाम होते, मुक्त सॉफ्टवेअरवाल्या एका दादांनी मॅट्रिक्सचे नाव काढले. जो तो आपल्या रोजच्या सवयीची बाजू मांडत होता, आणि सगळ्यांचे मुद्दे बरोबरही होते. मग एका ताईंनी विचारले, "यातल्या कुठल्या ठिकाणी मला टाइप करावं लागणार नाही?" बैठक तिथेच थांबली. आपण कशासाठी बोलतो, कोण बोलते, आणि बोललेले कोणाच्या ताब्यात राहते हे ठरवल्याशिवाय ॲपचे नाव घेण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी आधी ज्यांचे बिऱ्हाड हलले आहे अशा समुदायांच्या कहाण्या गोळा करायला बसले. घर घेण्याआधी त्या चाळीत राहून गेलेल्याला विचारावे, तसे.

या कहाण्यांतली सगळ्यात जुनी चाळ म्हणजे आयआरसी ही लेखी गप्पांची व्यवस्था. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने १९८८च्या ऑगस्टमध्ये ती सुरू केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १९९५च्या १५ ऑगस्टला, म्हणजे सात वर्षांनी. आयआरसीची रचना अगदी साधी होती: एक सर्व्हर, त्यावर दालने, दालनाच्या नावाआधी चौकटीची खूण, आणि टंकलेला मजकूर. १९९१मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा तिथल्या बातम्या याच दालनांतून बाहेर पोहोचल्या. त्या व्यवस्थेचा एक गुण आजही विचार करायला लावतो. सर्व्हर बोललेले साठवत नसे. तुम्ही दालनात हजर असाल तर ऐकलेत, नसाल तर ते तुमच्यापुरते बोललेच गेले नाही. पारावरच्या गप्पांसारखे. ज्याला जपायचे त्याने स्वतः लिहून ठेवायचे.

या आयआरसीवर मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे मोठे गाव वसले होते, त्याचे नाव फ्रीनोड. लिनक्सबद्दल अडलेल्यांना मदत करणारे एक दालन रॉब लेव्हिन यांनी चालवले, त्यातून ते वाढले. २००६मध्ये ह्यूस्टनला सायकलवरून जाताना गाडीची धडक बसून लेव्हिन गेले. पुढे स्वयंसेवकांनी ते गाव वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळले. रात्री-अपरात्री कोणी दालनात घाण टाकली तर काढणे, सर्व्हर बंद पडला तर उठवणे, नवख्याला नाव नोंदवायला शिकवणे, सगळे हौसेने. उबुंटू, पायथन, विकिपीडिया, सगळ्यांची दालने तिथेच.

२०१७मध्ये फ्रीनोडच्या नावाची कंपनी अँड्र्यू ली या उद्योजकाकडे गेली. रोजच्या वापरात फरक पडला नाही, म्हणून फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०२१च्या मे महिन्यात मात्र मालकी नेमकी कशाची, नुसत्या नावाची की सर्व्हरचीही, असा वाद पेटला. १९ मे रोजी स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि त्याच दिवशी स्वीडनमध्ये नोंदवलेल्या संस्थेच्या नावाने लिबेरा चॅट हे नवे गाव वसवले. मग जे झाले ते वाचताना मला आमच्या तालुक्यातली संस्था फुटते तेव्हाचे दिवस आठवले. ज्या दालनांनी दारावर 'आम्ही लिबेराला गेलो' अशी पाटी लावली, तसली शेकडो दालने फ्रीनोडच्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. जूनमध्ये नावनोंदणीची सारी जुनी वहीच रद्द झाली. जवळजवळ दोन दशके एकाच नावाने वावरलेल्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवा, असे सांगितले गेले.

तरीही ही कहाणी मला दिलासा देणारी वाटते, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. आयआरसी ही कोणाच्या मालकीची वस्तू नव्हती, ती बोलण्याची एक खुली पद्धत होती. त्यामुळे लोकांनी आपल्या जुन्याच ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांशी, त्याच पद्धतीने बोलणे सुरू केले. गाव गेले, पण बोली तीच राहिली. हे सुख पुढच्या पिढीतल्या फार थोड्या समुदायांच्या वाट्याला आले.

स्लॅकचे उदाहरण घ्या. 'ग्लिच' नावाचा एक खेळ चालला नाही. तो बनवणाऱ्यांनी आपापसांत बोलण्यासाठी जे साधन केले होते त्याचा २०१४मध्ये स्लॅक झाला. कचेरीसाठी ते उत्तमच आहे, आणि फुकट सुरू करता येते म्हणून हौशी समुदायही तिथे गेले. रिॲक्ट हे प्रोग्रामिंगचे साधन वापरणाऱ्यांचा 'रिॲक्टिफ्लक्स' नावाचा समुदाय असाच वाढला. २०१५मध्ये त्यांची संख्या सुमारे साडेसात हजारांवर गेली आणि नव्या माणसाला बोलावण्याची सोयच बंद झाली. पैसे भरून पुढे जायचे तर दर माणशी, दरमहा. कचेरीत माणूस वाढतो तो मिळकत वाढली म्हणून. समुदायात माणूस वाढतो तो रिकाम्या हाताने, प्रश्न घेऊन येतो. माणशी भाड्याची जागा त्याला परवडूच शकत नाही. रिॲक्टिफ्लक्सने त्याच वर्षी नुकत्याच निघालेल्या डिस्कॉर्डकडे बिऱ्हाड हलवले.

भाडे वाढले तर निदान सोडून जाता येते. मला जास्त त्रास झाला तो हॅक क्लबची हकीकत वाचून. शाळकरी वयाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारी ही अमेरिकेतली ना-नफा संस्था जवळपास अकरा वर्षे स्लॅकवर होती, वर्षाला सुमारे पाच हजार डॉलर भरत होती. २०२५च्या सप्टेंबरमध्ये त्यांना सांगण्यात आले की पुढे वर्षाला दोन लाख डॉलर लागतील, त्यातले पन्नास हजार याच आठवड्यात भरा, नाहीतर जागा बंद होईल आणि मागचे संभाषण जाईल. मुलांनी ते जगजाहीर केले, ओरड झाली, आणि कंपनीने पाऊल मागे घेतले. पण ज्या समुदायाच्या मागे एवढा आवाज नाही त्याने काय करायचे? फुकट वापरणाऱ्यांसाठी नियम आता स्पष्टच आहे: २०२२च्या सप्टेंबरपासून मागचे नव्वदच दिवस दिसतात, आणि २०२४च्या ऑगस्टपासून एक वर्षाहून जुने ते कायमचे पुसले जाते. बियाण्यांचा हंगाम वर्षाने फिरून येतो. गेल्या माघात काय ठरले ते या माघात बघायला जावे, तर तिथे काहीच नसावे. स्लॅक आमच्या यादीतून गेले ते याच एका हिशेबाने.

आता व्हॉट्सॲप, जिथे आमचा गट आहे. भारतात समुदाय जमवायचा म्हटले की लोक आधीपासून तिथेच असतात. २०१९मध्ये कंपनीने सांगितलेला भारतातल्या वापरणाऱ्यांचा आकडा चाळीस कोटींचा होता. आमच्या ताईंना ते येते, आवाज पाठवता येतो, जत्रेच्या तारखा आणि पोराच्या शाळेची फी तिथेच कळते. एवढ्या मोठ्या सोयीला नाक मुरडणे मला कधीच पटले नाही. पण ते मुळात ओळखीच्या माणसांना निरोप धाडण्यासाठी बांधलेले घर आहे. गटाची मर्यादा आधी १०० होती, २०१६मध्ये २५६ झाली, २०२२मध्ये ५१२ आणि त्याच वर्षाअखेर १०२४. ओसरी रुंदावत गेली, आतल्या खोल्या मात्र तशाच राहिल्या. हजार माणसे एकाच रांगेत बोलतात. भाताच्या करप्याबद्दलचा प्रश्न, त्याखाली वाढदिवस, त्याखाली निधनाची बातमी, त्याखाली करप्याचे उत्तर. नव्याने आलेल्याला मागचा सगळा संवाद दिसत नाही. संभाषण दोन्ही टोकांना कुलूपबंद असते, ही खासगीपणासाठी फार मोलाची गोष्ट आहे, पण तिचाच अर्थ असा की गटाची वही कुठल्याही एका जागी नसते. ती प्रत्येकाच्या फोनमध्ये, तुकड्यातुकड्यांनी असते.

दुसरी गोष्ट फोन नंबरची. गटात शिरलेल्या प्रत्येकाला प्रत्येकीचा नंबर दिसतो. आमच्या एका बैठकीत मी विचारले, रात्री अनोळखी माणसांचे फोन किती जणींना येतात? हळूहळू सात हात वर आले. यातल्या दोघी त्यानंतर गटात बोलायच्या बंद झाल्या होत्या आणि आम्हाला वाटत होते, त्या शेतीच्या कामात असतील. टेलिग्राम, सिग्नल आणि डिस्कॉर्डवर आता टोपणनावाने राहता येते. हा मला नुसत्या सोयीचा मुद्दा वाटत नाही. बायकांनी बोलावे असे ज्या समुदायाला वाटते, त्याने पहिली चौकशी याची करावी.

आणि पुढे पाठवलेल्या निरोपांचे काय होते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच माणसे मारली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एका बटणाच्या मर्यादेत माणसांचे जीव अडकलेले असतात, हे तेव्हा कळले. गट चालवणाऱ्यावर जबाबदारी किती, हा प्रश्नही आपल्याकडेच न्यायालयात गेला. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये सांगितले की, समान हेतू किंवा आधीचा कट असल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुराची फौजदारी जबाबदारी ॲडमिनवर येत नाही. कायद्याच्या अंगाने हे रास्तच आहे. पण गटात रात्री अकराला एखाद्या जातीबद्दल कोणी वाकडे लिहिले, तर सकाळपर्यंत गप्प राहणाऱ्या ॲडमिनचा हिशेब न्यायालय करत नाही, गाव करते.

सांभाळणाऱ्याचे काम किती अवघड असते ते नेपाळने दाखवले. २०२५च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारने २६ समाजमाध्यमे बंद केली. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, पहिल्याच दिवशी १९ जण मेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली पायउतार झाले. पुढे कोण, याची चर्चा 'हामी नेपाल' या संस्थेने चालवलेल्या डिस्कॉर्डच्या एका सर्व्हरवर झाली. खेळ खेळणाऱ्या पोरांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून २०१५मध्ये निघालेल्या ॲपवर एक लाखाहून अधिक माणसे जमली. तिथे मतदान झाले, त्यात माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव पुढे आले, आणि १२ सप्टेंबरला त्यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली.

हे वाचून आमच्या अभियांत्रिकीच्या मुलाचे डोळे चमकले. मलाही ते तितकेच विलक्षण वाटते. डिस्कॉर्डमध्ये आवाजाची खोली कायम उघडी असते. फोन लावावा लागत नाही, कोणाला बोलवावे लागत नाही, दार ढकलून आत जाऊन बसायचे. माणसे कामासाठी न येता नुसती बसायला येतात, आणि समुदाय त्यातूनच घट्ट होतो. भूमिका वाटता येतात, कोणाला कुठल्या दालनात बोलता यावे ते ठरवता येते. पण लाख माणसांच्या त्या सर्व्हरवर मत देणारा नेपाळी आहे की नाही, सज्ञान आहे की नाही, एकाचीच चार नावे आहेत का, हे पारखायचा मार्ग नव्हता. मूठभर तरुण न झोपता एकेकाला बोलायची पाळी देत होते. एवढा भार पेलणारी माणसे आपल्याकडे आहेत का, हे आधी मोजावे लागते. शिवाय डिस्कॉर्डमध्ये जे बोलले जाते ते बाहेरच्या जगाला गुगलवर शोधून सापडत नाही. आजींच्या पावट्याबद्दल उद्या पालघरच्या एखाद्या शेतकऱ्याने विचारले, तर त्याला त्या दारापर्यंत यावे लागेल आणि दार आहे हे आधीच माहीत असावे लागेल.

आता ज्या उदाहरणापाशी मी सगळ्यात जास्त दिवस घालवले त्याकडे येते. ते शेतीतले नाही, गणितातले आहे. लीन नावाची एक संगणकीय भाषा आहे. तिच्यात सिद्धता लिहिली की प्रत्येक पायरी यंत्र तपासते. ती वापरणाऱ्यांचा समुदाय २०१८पासून झूलिप या चॅटवर आहे. २०२०च्या डिसेंबरमध्ये बॉनचे पेटर शॉल्झे, फील्ड्स पदक मिळवलेले गणिती, यांनी या मंडळींना एक आव्हान दिले: माझ्या एका प्रमेयाची सिद्धता इतकी गुंतागुंतीची आहे की मला स्वतःला तिची पूर्ण खात्री हवी आहे, ती यंत्राकडून तपासून द्याल का? योहान कोमेलिन यांच्या पुढाकाराने देशोदेशीची माणसे कामाला लागली. सर्वांत कठीण भाग सहा महिन्यांत तपासून झाला आणि जुलै २०२२मध्ये काम पुरे झाले. त्यानंतर २०२३च्या अखेरीस टेरेन्स ताओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले दुसरे एक प्रमेय याच मंडळींनी सुमारे तीन आठवड्यांत तपासून हातावेगळे केले.

एवढे काम गप्पा मारता मारता कसे झाले? मी त्यांचे उघडे दालन वाचत बसले. गणित कळले नाही, पण मांडणी कळली. झूलिपमध्ये दालनात शिरल्यावर नुसते बोलायची रीत नाही, आधी विषय लिहायचा. दोन शब्द, चार शब्द. मग त्या विषयाखालचे बोलणे एका सुतात राहते. एकाने सोमवारी पॅरिसमध्ये प्रश्न विचारला, बुधवारी अमेरिकेतून त्याला उत्तर आले, मध्ये दुसऱ्या विषयांवर तीनशे निरोप येऊन गेले, तरी हे दोन निरोप एकमेकांखालीच राहतात. दोन वर्षांनी तिसरा माणूस येतो, तोच विषय उघडतो आणि खाली लिहितो, 'हे अजून असेच आहे का?' त्याला मागचे सगळे समोर असते. कोणी चुकून भलत्या विषयात बोलले तर सांभाळणारा तो निरोप उचलून योग्य जागी ठेवतो. त्याबद्दल कोणी रागवत नाही. घरात आलेले धान्य ज्या त्या कणगीत ओतावे तसे ते चालते.

पहिल्याच वाक्याला विषय लिहायला लावणे ही अडचण आहे, हे मान्य. गप्पांचा सैलपणा त्याने जातो. हसणे-खिदळणे कमी होते, नवखा बिचकतो. पण ती अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती नसती तर शॉल्झेंचे प्रमेय तीनशे निरोपांखाली गाडले गेले असते. माझे मत तिथे पक्के झाले. समुदायाला जे जपायचे आहे त्याच्यासाठी बोलण्यात थोडी अडचण सोसायची तयारी हवी.

झूलिपचा सगळा कोड २०१५पासून खुला आहे, म्हणजे आपल्या सर्व्हरवर तो आपल्याला चालवता येतो. मॅट्रिक्सचेही तसेच. २०१४मध्ये सुरू झालेली ही खुली पद्धत फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या 'चाप' या ॲपसाठी घेतली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१९मध्ये आपले जुने आयआरसी बंद करायचे ठरवले. ओळख न देता शिरून त्रास देणाऱ्यांना आवरणे तिथे जमत नव्हते. त्यांनी चार पर्याय समोर ठेवले, लोकांना वापरून बघायला सांगितले, आणि मॅट्रिक्स निवडून २०२०च्या मार्चमध्ये जुन्या घराला कुलूप लावले. निवड उघड्यावर, सगळ्यांना विचारून, सहा-आठ महिने घेऊन करता येते, याचा हा चांगला दाखला आहे.

आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या दादांचे म्हणणे होते, मग मॅट्रिक्सच घ्या. ते मनापासून बोलतात आणि त्यांचे बरेचसे मला पटते. पण मे २०२३मध्ये भारत सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देऊन १४ ॲप बंद केली, त्यात मॅट्रिक्सवर बोलण्याचे मुख्य ॲप एलिमेंटही होते. दादा सांगत होते, एलिमेंट गेले तरी मॅट्रिक्स गेले नाही, दुसऱ्या ॲपने त्याच दालनात शिरता येत होते. आयआरसीसारखेच, बोली टिकली. ते खरेच आहे. पण आमच्या ताईंना मी दोन वर्षांत दोनदा नवे ॲप शिकवू शकले नसते. स्वतःचा सर्व्हर म्हणजे विहिरीवरची मोटर. आपली असते, हक्काची असते, आणि जळली तर भर उन्हात आपल्यालाच उतरावे लागते. आमच्यात उतरणारा एकच माणूस होता, आणि तो पुण्यात नोकरीला.

शेवटची बैठक आषाढात, भातलावणी उरकल्यावर, शाळेच्या पडवीत झाली. बाहेर धो धो पाऊस होता. आम्ही कागदावर दोन गोष्टी लिहून नेल्या होत्या आणि त्या मोठ्याने वाचल्या. बायकांचे बोलणे आहे तिथेच, फोनवरच्या गटातच राहील. त्यांना नवे काही उतरवायला लागणार नाही, टाइप करायला लागणार नाही. फक्त गट चार लहान गटांत वाटायचा, वाडीवाडीप्रमाणे, म्हणजे नंबर ओळखीच्यांनाच दिसतील. आणि वही वेगळी. वहीसाठी झूलिप, आणि तिथे लिहिणारी बारा माणसे. गटात आलेला प्रत्येक आवाज त्यातल्या एकीने त्याच दिवशी उतरवून घ्यायचा, ऐकून शब्दशः लिहायचा, आणि वाणाच्या नावाच्या विषयाखाली आवाजासकट ठेवायचा. दर महिन्याच्या शेवटी सगळ्याची एक प्रत शाळेच्या संगणकात आणि एक माझ्या घरी. उद्या ही जागा सोडावी लागली तरी पोते उचलून निघता येईल.

"सगळ्यांत वरची किल्ली कोणाकडे?" पूर्वीच्या गटाच्या सरांनीच विचारले. त्यांना आजींच्या आवाजाचे फार लागले होते, ते दोन बैठका आलेच नव्हते. एकाकडे नको, असे सगळ्यांनी एकदम म्हटले. तिघींकडे दिली. त्यातली एक शेतीशाळेतली शिक्षिका, एक बारावीची मुलगी आणि तिसऱ्या टाइप करण्याबद्दल विचारणाऱ्या त्या ताई. ताईंनी आधी नको म्हटले. मग फोन नंबर बदलला तर किल्ली जाते का, हे दोनदा विचारून घेतले आणि हो म्हणाल्या.

मांडणी करताना बारावीच्या मुलीने सगळ्यात पहिला विषय उघडला तो 'पावटा, राखेतले बी'. आठवेल तसे तिने खाली लिहिले: शेंगा वेलावर वाळवणे, राख चाळणे, थर, लिंपण, माळा. उन्हाच्या जागी तिने 'तीन की पाच' एवढेच लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात आजींच्या सुनेचा आवाज वाडीच्या गटात आला, चाळीस सेकंदांचा. मागे पाऊस वाजत होता आणि ती जरा मोठ्याने बोलत होती. दिवस मोजायचे नसतात, ती म्हणाली, सासूबाई दोन दाणे दाताखाली धरून बघायच्या, कट्टकन आवाज आला की बी वाळलं. मुलीने ते त्याच संध्याकाळी ऐकून लिहिले, आवाज जोडला, आणि प्रश्नचिन्ह पुसायचे की नाही, हे तिने खाली आम्हा बाराजणांना विचारले आहे.